नाच्याचा पदर आणि प्रेक्षकांचे हसू

पुणे-नाशिक मार्गावरील नारायणगाव हे जुन्नर तालुक्यातील गाव तमाशाची पंढरी म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. चैत्रातील जत्रांचा हंगाम जवळ आला, म्हणजे तेथे फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच येतात, फडाची कीर्ती, वगाचा विषय, नाचणाऱ्यांची संख्या यांची विचारपूस करितात आणि सुपारी देऊन तिथी पक्की करितात. या व्यवहारात ढोलकीवाला, सोंगाड्या, नर्तकी या सर्वांचे मोल ठरते. स्त्रीहावभावांनी लोकांस हसविणारा नाच्या, किंवा गौळणीत डोईवर पदर घेऊन कृष्णाशी हुज्जत घालणारी, वस्तुतः पुरुषानेच वठविलेली मावशी, यांचेही मोल ठरत आले आहे. परंतु राहुटीच्या बाहेर त्या माणसाचे मोल काय, हा प्रश्न मराठी साहित्याने फार उशिरा विचारला आणि मराठी समीक्षेने तर क्वचितच विचारला. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विचार आताच का, असे कोणी विचारील, तर त्याचे कारण उघड आहे. डिसेंबर २०११ मध्ये पुण्यात समलिंगी व तृतीयपंथी नागरिकांची पहिली अभिमान पदयात्रा निघाली. त्यापूर्वी मुंबईत आणि सर्वांच्या आधी, १९९९ साली, कलकत्त्यात अशा पदयात्रा निघाल्या होत्या. आमच्या वाचकवर्गापैकी पुष्कळ सुशिक्षित कुटुंबे या पदयात्रांकडे कुतूहलाने, काहीशा संकोचाने आणि बऱ्याच अंशी परकेपणाने पाहतात. हे खूळ पाश्चात्त्यांकडून आले, आपल्या मातीशी त्याचा संबंध नाही, असा सूर अनेक बैठकींतून ऐकू येतो. इंद्रधनुष्यी ध्वज परदेशातून आला, हे खरे आहे. परंतु ज्या माणसांनी तो हाती घेतला, ती माणसे परदेशातून आलेली नाहीत. ती आमच्या रंगभूमीवर, आमच्या फडात आणि आमच्या घरात पूर्वीपासून होती. आम्ही त्यांस कोणत्या अटीवर पाहिले, एवढाच काय तो प्रश्न आहे.

पहिली अट सोंगाची. पुरुषाने स्त्रीवेष घेणे मराठी माणसास कधीच नवे नव्हते. बालगंधर्वांनी भामिनी आणि सिंधू रंगविल्या, तेव्हा महाराष्ट्रातील कुलीन स्त्रियांनी त्यांच्या लुगडे नेसण्याची आणि अलंकारांची ढब उचलली. त्या वेषास कोणी हसले नाही. उलट तो सौंदर्याचा आदर्श ठरला. त्याच काळात, त्याच महाराष्ट्रात, कनातीच्या आत पदर सावरणारा तमासगीर मात्र हसण्याचा विषय होता. दोघांच्या कलेत आणि अभिरुचीत अंतर होते, हे आम्हांस मान्य आहे; परंतु एवढ्याने सर्व उलगडा होत नाही. एकाच्या भोवती नाटकगृह, नाट्यसंगीत आणि पांढरपेशा प्रेक्षक होता. दुसऱ्याच्या भोवती हलगी, जत्रेची धूळ आणि गावकुसाबाहेरची जात होती. म्हणजे स्त्रीत्वाचा अभिनय पूज्य की हास्यास्पद, हे पुष्कळदा पदराने ठरत नसून पदर घेणाऱ्याच्या जातीने आणि त्याच्या प्रेक्षकाच्या प्रतिष्ठेने ठरत होते.

तमाशात स्त्रिया उशिरा आल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिलेली पवळा हिवरगावकर हिचे नाव पहिली स्त्री कलावंत म्हणून घेतले जाते. तत्पूर्वी स्त्रीचे काम नाच्या पोऱ्याच करी. स्त्रिया आल्यावर त्याची गरज सरली, असे वाटावे. परंतु नाच्या गेला नाही. त्याचे काम मात्र पालटले. पूर्वी तो स्त्रीची जागा भरून काढीत असे, पुढे तो पुरुषाची चेष्टा भरून काढू लागला. मुरका, टाळी, लाडिक हेल हे त्याचे भांडवल झाले आणि ज्याच्या अंगी हे उपजत असेल, अशा कोणत्याही गावातील कोणत्याही मुलास त्याचे नाव चिकटविण्याची सोय झाली. मराठी चित्रपटांनी हीच रीत उचलली. गणपत पाटील यांच्यासारख्या समर्थ नटाने नाच्याची भूमिका इतकी अस्सल वठविली की, अनेकांनी भूमिका आणि माणूस यांत अंतरच ठेविले नाही. नटाच्या वाट्यास आलेला हा अन्याय सर्वांस दिसला. परंतु ज्याच्या बाबतीत भूमिका आणि माणूस एकच असेल, त्याच्या वाट्यास काय येत असेल, हा पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही.

आनंद यादव यांची ‘नटरंग’ ही कादंबरी आणि तिजवरून रवि जाधव यांनी काढलेला, २०१० च्या आरंभी प्रदर्शित झालेला चित्रपट, यांनी या विषयास प्रथमच करुणेचा स्पर्श केला, याविषयी वाद नाही. कागलकडील गुणा हा पीळदार अंगाचा शेतमजूर. त्यास फडात राजा व्हावयाचे आहे. परंतु नाच्यावाचून फड उभा राहत नाही आणि नाच्या व्हावयास कोणी तयार नाही. तेव्हा कलेच्या वेडापायी तो स्वतःच नाच्या होतो. त्याचे शरीर उतरते, गाव हसतो, घर तुटते, आणि चित्रपटात तर त्याजवर अमानुष अत्याचारही होतो. प्रेक्षकांच्या डोळ्यांस पाणी येते. ते पाणी खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि ते कोणासाठी येते, हे पाहिले पाहिजे. गुणा हा ‘तसा’ नाही, तो खरा मर्द आहे, पहिलवान आहे, बायकामुलांचा धनी आहे, याची खातरी कथा आम्हांस पुनःपुन्हा पटवून देते. आणि मग अशा मर्दास लोकांनी ‘तसा’ समजावे, ही केवढी शोकांतिका, असे आम्ही म्हणतो. म्हणजे आमची सहानुभूती चुकीच्या माणसाचा अपमान झाला म्हणून जागी होते. अपमानच चुकीचा होता, येथपर्यंत ती पोहोचत नाही. गुणा खरोखरच ‘तसा’ असता, तर आम्ही रडलो असतो काय? या प्रश्नाचे उत्तर ‘नटरंग’ देत नाही; किंबहुना तो प्रश्न पडू नये, अशीच तिची मांडणी आहे.

दुसरी अट मरणाची. विजय तेंडुलकर यांनी आपल्याच एका कथेवरून ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक लिहिले आणि १९८१ साली ते रंगभूमीवर आले. मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. येथे सोंगाचा आडपडदा नाही. महाविद्यालयातील नाटकात पुरुषाची भूमिका करीत असता मित्रास आपल्या मनाची ओळख पटते आणि नायिकेची भूमिका करणाऱ्या नमावर ती प्रेम करू लागते. फडात पुरुष स्त्री होतो तेव्हा हशा होतो. येथे स्त्री पुरुष होते आणि तिला स्वतःचे सत्य गवसते. केवळ एवढ्या कल्पनेसाठीही हे नाटक मराठीत थोर ठरावे. परंतु मित्राची गोष्ट मित्रा सांगत नाही. तिचा भिडस्त मित्र बापू सांगतो, आणि ती गोष्ट तिच्या आत्मघाताने संपते. तेंडुलकरांस समाजाचे क्रौर्य दाखवावयाचे होते आणि ते त्यांनी निर्भयपणे दाखविले. तरी त्यानंतरच्या प्रेक्षकास एक सोपी पळवाट मिळाली, ती ही की, अशा व्यक्तीविषयी हळहळावे आणि तिच्या मरणाबरोबर तिचा प्रश्नही मिटला असे समजून घरी जावे.

घरी गेल्यावर काय दिसते, हे सचिन कुंडलकर यांच्या २००६ सालच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीने दाखविले. पुण्यातील मध्यमवर्गीय घर, तेथे खोली घेऊन राहणारा एक तरुण, आणि त्याच्या प्रेमात पडलेली दोघे भावंडे, तनय आणि अनुजा. तो तरुण अनुजेस घेऊन निघून जातो; पुढे ती एकटी परत येते. तिच्यासाठी सारे घर हादरते. डॉक्टर, नातलग, चर्चा, उपाय यांची रीघ लागते. तनयाचे दुःख तितकेच मोठे असून त्याची मात्र घरात कोणास गंधवार्ताही नाही, कारण त्या दुःखास घराच्या भाषेत नावच नाही. येथे कोणी खलनायक नाही, कोणी कोणास मारीत नाही. आईबाप सज्जन आहेत. आमच्या वाचकांनी ही कादंबरी अवश्य वाचावी, असे आम्ही म्हणतो ते याच कारणास्तव. फडातील हशा आपला नव्हे असे सुशिक्षित माणूस सहज म्हणू शकतो. परंतु या घरातील शांतता आपली नव्हे, असे म्हणणे त्यास कठीण जाईल.

या दोन्ही अटी मोडल्या, त्या स्वतःविषयी स्वतः लिहिणाऱ्यांनी. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली पुण्यात समपथिक ट्रस्टची स्थापना केली आणि लैंगिकतेविषयी मराठीत सातत्याने लिहिले. त्यांच्या ‘पार्टनर’ या कादंबरीत कलेपेक्षा शिकवणुकीचा हेतू प्रबळ आहे, हे रसिकास जाणवल्यावाचून राहणार नाही. परंतु ज्या विषयास भाषेत सभ्य शब्दच उपलब्ध नव्हते, त्या विषयावरील पहिल्या पुस्तकांकडून अलंकाराची अपेक्षा करणे म्हणजे पाया खणणाऱ्याकडे कळसाची मागणी करण्यासारखे आहे. २०१२ साली वैशाली रोडे यांच्या शब्दांकनाने लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन आले. जो शब्द शिवी म्हणून फेकला जातो, तोच शब्द लेखिकेने नावाआधी लाविला आणि मुखपृष्ठावर छापविला.

असे करण्याची परंपरा नारायणगावास नवी नाही. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांचा फड ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ या नावाने गाजला. भाऊ आणि बापू या मांग बंधूंच्या फडाचा तो वारसा. ज्या जातीचे नाव गावात हलक्या स्वराने, क्वचित शिवीसारखे उच्चारले जाई, ते तमाशाच्या फलकावर ठळक अक्षरांत झळकले आणि त्या नावाच्या कलावतीस १९५७ व १९९० साली राष्ट्रपतिपदकाचा मान मिळाला. लोकांनी तिकिटे काढली, ती त्या नावाची. अभिमान म्हणजे काय, हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल, त्याने परदेशी ग्रंथ उघडण्याआधी हा फलक डोळ्यांपुढे आणावा.

कारण मुख्य आक्षेप याच शब्दावर आहे. आमच्या संतांनी अभिमानास दोष मानिले. मग जन्मतः जे आहे त्याचा अभिमान कसला, असे विचारले जाते. आक्षेप वरकरणी सयुक्तिक वाटतो. परंतु संतांनी ज्या अभिमानाचा निषेध केला, तो दुसऱ्यास हीन लेखणाऱ्याचा अभिमान होय. ज्यास स्वतःसच हीन लेखावयास शिकविले गेले, त्याने ती शिकवण नाकारणे हा अहंकार नव्हे, ती आत्म्याची निरोगी अवस्था होय. उंच मानेने चालणाऱ्यास मान ताठ केल्याचा दोष देता येईल. ज्याची मान दुसऱ्यांनी वाकविली, त्याने ती सरळ केली तर त्यास तो दोष कसा लागावा?

काही सहृदय लोक पुराणांचा आधार घेतात. आंबेगावकरांचे श्रद्धास्थान जे भीमाशंकर, त्याच्या स्थळकथेतही अर्धनारीनटेश्वराचे रूप येते, आणि शिखंडी व मोहिनी यांची उदाहरणे तर सर्वांच्या जिव्हाग्री असतात. या आधारांचा आम्हांस आनंद वाटतो. परंतु त्यांवर फार भार घालू नये, असे आमचे मत आहे. ज्या लोकांनी शिखरावर अर्धनारीनटेश्वरास हात जोडले, त्यांनीच पायथ्याच्या जत्रेत नाच्यास शिट्या घातल्या. पूजा आणि उपहास शतकानुशतके एकत्र नांदू शकतात. समता मात्र या दोहोंपेक्षा निराळी वस्तू आहे. देव म्हणून वंदन नको, सोंग म्हणून हसणे नको, शेजारी म्हणून वागवा, एवढीच तिची मागणी असते.

दुसरा आक्षेप रस्त्याविषयी आहे. ही खाजगी बाब असून तिची मिरवणूक कशास, असे म्हणतात. परंतु ही बाब रस्त्यावर प्रथम कोणी आणिली? १८६० साली झालेल्या दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाने राज्यसत्ताच शयनगृहात शिरली होती. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांस उत्तरे दिल्याबद्दल र. धों. कर्वे यांजवर खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. त्या प्रश्नांत समलिंगी आकर्षणाचाही प्रश्न होता, आणि अशा विषयाची शास्त्रीय चर्चा म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका त्यांनी न्यायासनापुढे मांडली. खटला हरला, कर्व्यांस दंड झाला. परंतु मराठी मासिकाच्या पानांवरून सुरू झालेला हा वाद आज नव्वद वर्षांनीही आमच्या मासिकांस लागू आहे. पुढे २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते कलम परस्परसंमत संबंधांपुरते रद्द ठरविले, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुनरुज्जीवित केले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांस गुन्ह्यातून मुक्त केले. हे सर्व खाजगीत बसून झाले नाही.

आंबेगाव तालुक्यातील म्हाळुंगे पडवळ या गावचा बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे आडवा झाला आणि तिच्याखाली चिरडला गेला. अंगावर कोणते कापड घालावे, याहून खाजगी गोष्ट ती कोणती? परंतु सत्तेने कापडासच गुलामगिरीचे साधन केले, तेव्हा गिरणीतील एका मजुरास कापडासाठी रस्त्यावर यावे लागले. दोन्ही लढे समान आहेत असे आम्ही म्हणत नाही. जे खाजगी म्हणून राहू दिले जात नाही, त्याचा न्याय सार्वजनिक ठिकाणीच मागावा लागतो, एवढेच आमचे म्हणणे आहे, आणि हे आंबेगावच्या माणसास कोणी शिकवावयास नको.

राजकारणात शिरणे हे त्याच न्यायाचे पुढचे पाऊल होय. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांस स्वतःची ओळख स्वतः ठरविण्याचा हक्क दिला. त्या कामी महाराष्ट्रातील गौरी सावंत याही याचिकाकर्त्या होत्या. २०१७ साली सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ या गावाने एका तृतीयपंथी व्यक्तीस सरपंच निवडले. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांचा स्त्रियांच्या राखीव जागेसाठीचा अर्ज नाकारला गेला, तेव्हा त्यांनी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागितली, निकाल मिळविला, आणि २०२१ च्या जानेवारीत निवडणूकही जिंकली. २०२० साली राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाने या नागरिकांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. ज्या खेड्यांविषयी शहरी सुशिक्षितांची समजूत ‘त्यांस हे कसे पटावे’ अशी असते, त्या खेड्यांनीच मतपेटीतून उत्तर दिले आहे. काम मात्र अपुरे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले आणि तो प्रश्न विधिमंडळांवर सोपविला. म्हणजे यापुढे हा विषय वकिलांचा जितका, त्याहून अधिक मतदारांचा झाला आहे.

येथे चळवळीसही दोन शब्द सांगणे समीक्षकाचे कर्तव्य आहे. पदयात्रेत कसा वेष असावा, वागणे किती संयत असावे, यावर २०१७ साली पुण्यात संघटकांतच मतभेद झाले. समाजाचा विश्वास संपादण्यासाठी सभ्य दिसावे, ही एक बाजू. ज्या भडक वेषासाठी आणि हावभावांसाठी आम्ही मार खाल्ला, ते टाकूनच प्रतिष्ठा मिळणार असेल, तर ती प्रतिष्ठा कोणाची, ही दुसरी बाजू. पहिल्या पक्षाची अडचण आम्हांस समजते. तो सद्भावनेनेच बोलतो. तथापि आमचा कौल दुसऱ्या पक्षास आहे. बालगंधर्वांचा पदर चालतो आणि नाच्याचा चालत नाही, हा जो जुना भेद आम्ही वर दाखविला, तोच येथे नव्या वेषाने परत येऊ पाहतो. शहरी, इंग्रजी शिकलेला, नीटनेटका समलिंगी तरुण स्वीकारला गेला आणि जत्रेत मुरकणारा पोरगा पूर्वीसारखाच हशाचा धनी राहिला, तर समतेची वाटणी झाली असे होईल, समता आली असे होणार नाही.

मराठी साहित्याकडून आता आमची एक अपेक्षा आहे. नाच्याचे सोंग घेणाऱ्या पहिलवानाची कथा आम्ही वाचली, मरणाऱ्या मित्राची पाहिली, मुक्या तनयाची ऐकली. नारायणगावच्या राहुटीतील एखाद्या खऱ्या मावशीची कथा, तिने स्वतः सांगितलेली, जिच्यात ती मरत नाही, साधूही होत नाही, पहाटे तोंडावरचा रंग पुसून चहा पिते आणि ग्रामसभेत आपले म्हणणे मांडते, अशी कथा यावयाची आहे. ती येईतोवर वाचकांसही एक काम आहे आणि त्यास प्रतिभा लागत नाही. जुन्नरच्या, मंचरच्या वा ओतूरच्या शाळेत एखाद्या मुलाच्या चालीवरून त्यास बायल्या म्हटले जाते, तेव्हा ते प्रथम थांबविणारा माणूस शिक्षक असावा. त्या मुलाने घरी काही सांगावयास तोंड उघडले, तर ऐकणारा माणूस आईबाप असावा. आणि त्याच्या हक्काचा प्रश्न निवडणुकीत आला, तर मत देणारा माणूस शेजारी असावा. हसणारा प्रेक्षक एवढा पालटला, म्हणजे पदर कोणी घेतला, यास फारसे महत्त्व उरणार नाही.